सामाईक मीटर

बोनकोड्यात आमची बिल्डिंग,
वरच्या मजल्यावर दोन खोल्या, मीटर एक.
उजवीकडे ओबिओरा, टी-शर्टांचे गठ्ठे बाहेर पाठवणारा,
डावीकडे कायोदे, केस कापतो,
रविवारी चर्चमध्ये ढोल धरतो.
पोलिसांच्या फॉर्मात मी दोघांपुढे एकच लिहिलं :
नायजेरिया.
त्याहून बारीक लिहायला खाना नव्हता.

पहिल्या महिन्यात वाटलं, भाऊभाऊ असतील.
दुसऱ्या महिन्यात कळलं, एकमेकांशी इंग्रजीत बोलतात,
आपण बँकेतल्या साहेबाशी बोलतो तसं,
शब्द मोजून.

त्यांच्याकडे मतमोजणी होती त्या रात्री
इकडे लाइट गेली.
दोघं गच्चीवर आले, टाकीच्या दोन अंगांना बसले.
दोन मोबाइल, दोन निळी तोंडं.
मी सुकटीची पाटी आत घ्यायला गेलेली.

भांडण सुरू झालं ते मोडक्या हिंदीत,
मला ऐकू जावं म्हणून.
भांडणाला पंच लागतोच.

कायोदे म्हणाला, लागोस आमचं,
पणज्याच्या पणज्याची हाडं तिथं.
ओबिओरा म्हणाला, हाडं तुमची, भराव कोणाचा?
चिखल होता, आम्ही दुकानं मांडली,
आणि आज सकाळी माझी बहीण चिनेलो
मत द्यायला रांगेत उभी राहिली
तर नाव विचारून घरी पाठवली.

नाव विचारून.
तिकडे म्हणे नावावरूनच कळतं कोण कुठला.
मी कशाला हसू?
खोली मागायला आलेल्याचं आडनाव
मीही पाण्याच्या आधी विचारते.

मग जुनं निघालं.
सदुसष्टची लढाई. ओबिओराच्या आज्याचं
बँकेत किती का असेना,
लढाईनंतर हातावर ठेवले वीस पौंड.
आणि त्र्याण्णव साली आमचा माणूस निवडून आला,
निकालच रद्द केला, तेव्हा तुम्ही कुठं होतात?
असं कायोदेनं विचारलं,
जसा काही ओबिओरा एकटाच गप्प बसला होता.
तेव्हा तो पाच वर्षांचा.

"बोलो आंटी," दोघं म्हणाले.

आता मी काय बोलू?
समोर पिवळा सिग्नल लुकलुकतो ना,
तिथं आमचं खाजणातलं शेत.
बांधाला उघाडी, भरतीच्या रात्री
बा कंदील घेऊन तिच्यापाशी बसायचा.
सिडकोनं शेताला नंबर दिला.
साडेबारा टक्क्यांसाठी नवरा मोर्च्याला गेला
आणि डोक्याला टाके घालून आला.
त्याच जमिनीवर लिफ्टमध्ये मला विचारतात,
"कोणाकडे कामाला, मावशी?"

कायोदेचं मला चटकन पटलं.
इतकं चटकन, की भीती वाटली.
कारण दर पाच तारखेला माझा गॅस पेटतो
तो ओबिओराच्या भाड्यावर,
आणि नवऱ्याला रक्त दिलेला पोरगा
बलियाचा होता.

"ए बाबांनो, जेवलाव का?" एवढंच म्हटलं.
सुकट आत नेली.

बुधवारी हवालदार आला पासपोर्ट बघायला.
ओबिओरा गोदामात.
"तो दुसरा काळा कुठाय?"
कायोदेनं दारातच सांगितलं :
व्हिसा आहे, अकरा नोव्हेंबरपर्यंत, माणूस चांगला आहे.
तारीख त्याला पाठ होती.
का होती, ते मी विचारलं नाही.
संध्याकाळी दोन दारं आपटली, रोजच्यासारखी,
एकामागून एक.

बिल आलं चौदाशे साठ.
कायोदेचा फ्रिज मोठा, असं ओबिओरा म्हणतो.
ओबिओराकडे माणसं फार, पंखा रात्रभर,
असं कायोदे.
मी म्हटलं, घ्या की वेगळं मीटर,
मी अर्ज करते, सही करते,
रोजची कटकट जाईल.

दोघंही जिन्यात थांबले.
एकमेकांकडे बघितलं नाही.
नको, म्हणाले. एकदमच.
डिपॉझिट फार पडतं.